विजेची स्कूटर पेटली, तर दाद कोठें मागावी?

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्याची पत्नी शाळेंत शिकविते. जाण्यायेण्याच्या सोयीसाठीं यांनीं विजेवर चालणारी स्कूटर घेतली. एके रात्रीं माजघरांत चार्जरला लावलेली बॅटरी धूर ओकूं लागली आणि ती बाहेर ओढण्याच्या धडपडींत बाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. मागाहून कळलें तें असें कीं, कंपनीनें त्या घाणीच्या बॅटऱ्या आधींच परत मागविल्या होत्या. सूचना मात्र यांच्या दारापर्यंत आली नाहीं. आतां कंपनीचा माणूस नवी बॅटरी घेऊन आला आहे. जळकी परत द्या आणि ‘आमची कांहीं तक्रार उरली नाहीं’ या कागदावर सही करा, असें तो म्हणतो. “गुरुजी, सही करूं काय?” असा प्रश्न आहे.

सही करूं नये. आणि जळकी बॅटरीही हातची सोडूं नये. याचीं कारणें सर्वांसच उपयोगी पडतील, म्हणून तीं येथें सांगतों.

हा प्रकार एकट्यादुकट्याचा नव्हे. २०२२ च्या मार्चमध्यें वेल्लोर येथें चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगींत बाप आणि लेक धुरानें गुदमरून गेलीं. त्याच महिन्यांत पुण्यास उभी असलेली स्कूटर भररस्त्यांत पेटली. एप्रिलांत निजामाबादेस एक वृद्ध गृहस्थ घरांतल्या स्फोटानें दगावले; सप्टेंबरांत वसईस सात वर्षांचा मुलगा भाजून पुढें वारला. एप्रिल २०२२ मध्येंच ओकिनावानें ३,२१५, प्युअर ईव्हीनें २,००० आणि ओलानें १,४४१ गाड्या आपण होऊन परत मागविल्या. सरकारनें तज्ज्ञांकडून चौकशी करविली आणि बॅटरीच्या परीक्षेचे नियम दोन टप्प्यांनीं कडक केले; पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून व दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. लिथियमच्या बॅटरींत शेंकडों लहान घट असतात. त्यांतील एक तापून फुटला, म्हणजे शेजारचा तापतो आणि वणव्याप्रमाणें आग पसरत जाते. वरून पाहणारास आंतला दोष दिसत नाहीं.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं खरेदीच्या मालाची परीक्षा करण्यास मुदती घालून दिल्या आहेत. याज्ञवल्क्यस्मृतींत लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझ्याच्या जनावरास पांच आणि बियाण्यास दहा दिवस सांगितले आहेत. गाय दूध देते कीं नाहीं, हें तीन दिवसांत कळतें. बंद पेटींतील घटाचा दोष पांच वर्षांतही कळेल असें नाहीं. तेव्हां परीक्षेचा भार घेणाराच्या माथ्यावरून काढून करणाराच्या माथीं टाकणें, हाच न्याय. ब्रिटनमध्यें या वाटेचा मोठा टप्पा गोगलगाईच्या खटल्यानें गांठला. पेस्ली गांवीं १९२८ सालीं एका बाईनें अपारदर्शक बाटलींतील पेय प्यालें. तींत कुजलेली गोगलगाय निघाली, अशी तिची फिर्याद. गंमत अशी कीं, पैसे तिच्या मैत्रिणीनें दिले होते, म्हणजे हिचा कोणाशींही करार नव्हता. तरीही १९३२ सालीं तेथील वरिष्ठ न्यायसभेनें ठरविलें कीं, माल करणारावर तो वापरणाराच्या जिवाची जबाबदारी आहे. बाटलींत गोगलगाय खरोखर होती कीं नव्हती, याचा निकाल मात्र कधींच लागला नाहीं!

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, ८२ ते ८७ हीं कलमें याच विषयाचीं आहेत. मालाच्या घडणींत अगर आराखड्यांत दोष असेल, दिलेल्या हमीप्रमाणें तो नसेल, किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिली नसेल, तर करणारा जबाबदार. विकणाराही कांहीं प्रसंगीं बांधला जातो. उदाहरणार्थ, त्यानें मालांत फेरफार केला, किंवा जोडणी-तपासणींत हयगय केली तर. येथें ‘हानि’ म्हणजे शरीराची इजा, तीमुळें होणारा मनस्ताप, मृत्यु आणि इतर मालमत्तेचा नाश. खुद्द जळालेल्या स्कूटरची किंमत या ‘हानी’त धरीत नाहींत, ती सदोष माल म्हणून निराळी मागावी लागते. नवी बॅटरी मिळाली म्हणजे हात भाजल्याची भरपाई झाली, हें कंपनीचें म्हणणें किती पोकळ आहे, हें यावरून दिसेल.

पावती पतीच्या नांवाची आहे, मग पत्नीस दावा कसा, असेंही त्या माणसानें विचारलें म्हणे. खरेदी करणाराच्या संमतीनें जो वस्तु वापरतो, तोही कायद्यानें ग्राहकच होय. मनुष्य मेला असल्यास वारसांस दाद मागतां येते. शेजाऱ्याचें घर जळालें, तर तो ग्राहक नव्हे. त्यानें दिवाणी न्यायालयाचीच वाट धरावी.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावयाची, आणि तीही आपण राहतों त्या जिल्ह्यांत. कंपनीचें ठाणें दूर आहे म्हणून भिण्याचें कारण नाहीं. कोणत्या आयोगाकडे जावयाचें, हें मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर मालास दिलेल्या किंमतीवर ठरतें. ५० लाखांपर्यंत किंमत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांच्या आंत असेल तर फीही नाहीं. म्हणून लाखसवालाखाच्या स्कूटरपायीं लाखोंची भरपाई मागतांनाही दाराशींच काम होतें. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. पण भाजण्याचा मामला असल्यास द्यावा, असें आमचें मत आहे. मुदत दोन वर्षांची. कंपनीच्या गोड पत्रव्यवहारांत ती निघून जाते, हा अनुभव पुष्कळांचा आहे.

खरी लढाई पुराव्याची. ज्या दोषाचा निर्णय परीक्षेवांचून होत नाहीं, तो माल आयोग मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवितो. म्हणून जळका सांगाडा हाच मुख्य साक्षीदार. तो घरांत ठेवूं नये, कारण असल्या बॅटऱ्या पुन्हां पेट घेतात. बाहेर मोकळ्यावर, मुलांपासून दूर ठेवावा आणि त्याचीं छायाचित्रें घ्यावीं. पोलिसांचा पंचनामा, अग्निशामक दलाचा दाखला, दवाखान्याचे कागद, पावती, हमीपत्र आणि कंपनीनें पाठविलेली वा न पाठविलेली परत-मागणीची सूचना हीं सर्व एका फाइलींत असावीं. कंपनीचा बचाव बहुधा ८७ व्या कलमाचा असतो, तो म्हणजे तुम्हींच वस्तु वाईट वापरली किंवा तींत बदल केला. गल्लींतल्या कारागिराकडून बॅटरी उघडविली असेल, किंवा दुसराच स्वस्त चार्जर लाविला असेल, तर येथें दावा ढासळतो. मूळ चार्जरही जपून ठेवावा, तो यासाठीं.

सदोष गाड्या परत मागविण्याचा हुकूम मोटार वाहन कायद्याच्या ११०-अ कलमान्वयें केंद्र सरकार करूं शकतें. पण ताशी २५ किलोमीटरांच्या आंतल्या व पाव किलोवॅटाहून कमी शक्तीच्या गाड्या त्या कायद्यानें मोटारच नव्हेत. विनानोंदणीची गाडी म्हणून ज्या हौसेनें घेतात, त्यांस ती वाट बंद. ग्राहक कायदा मात्र त्यांसही लागू आहे. नोंदणीच्या गाडीचा विमा असल्यास विमापत्र वाचून तिकडेही ताबडतोब कळवावें. उभ्या वाहनाची आग ‘वापरा’मुळें झाली काय, असा वाद निघाल्यास १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल स्मरावा. १९८७ सालीं आपल्या महाराष्ट्रांत अपघातानें कलंडलेला पेट्रोलचा टँकर कांहीं तासांनीं स्फोट होऊन पेटला, तोही वाहनाच्या वापराचाच परिणाम ठरला.

मृत्यु अगर इजा झाली असेल, तर निष्काळजीपणाची फिर्याद पोलिसांत द्यावी. भारतीय न्याय संहितेचीं १०६ व १२५ हीं कलमें त्यासाठीं आहेत. तिनें शिक्षा होईल ती होवो. औषधोपचाराचा खर्च निघावयाचा तो आयोगाकडूनच. आणि त्या कागदाचें म्हणाल, तर नवी बॅटरी घेण्यास हरकत नाहीं. पोहोंच लिहून देतांना मात्र ‘इजेच्या भरपाईचा हक्क राखून’ एवढे शब्द स्वहस्तें घालावे. कंपनीचा माणूस त्यास कबूल नसेल, तर बॅटरीसह त्यास परत पाठवावें आणि १९१५ या ग्राहक सहाय्याच्या क्रमांकावर तक्रार नोंदवून टांकावी.