रहस्याचा हव्यास

गुन्हेकथांचे पॉडकास्ट बळींना न्याय मिळवून देतात, हा दावा आम्हांला मान्य नाही.

1 जुलै 2018 रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारले. मुले पळवणारी टोळी हिंडते आहे, ही अफवा मोबाइलवरून आधीच पसरली होती. तीही एक गुन्हेकथाच! तिच्यात भय होते, रहस्य होते. पुरावा तेवढा नव्हता. मेलेले नाथपंथी डवरी गोसावी, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षेवर जगणारे. भटक्यांकडे चोर म्हणून पाहणारी आपली नजर त्या अफवेच्या कामी आली. मारहाणीची चित्रफीतही मग हातोहात फिरली.

निवेदकाला थंड डोक्याचा, शक्यतो सुशिक्षित खुनी हवा असतो. जमावाचे मानसचित्र त्याला रंगवता येत नाही आणि भिक्षेकऱ्याच्या घरी पुढे काय झाले, यात त्याला रहस्य दिसत नाही. झुंडबळीचे खटले शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 17 जुलै 2018 रोजी सांगितले. पार्श्वसंगीत थांबवून कोणी त्या सहा महिन्यांचा हिशेब मागणार असेल, तर आम्ही ऐकायला बसू.