वाली कोण ते आधी सांगा



यंत्रांत मुक्त कार्यप्रणाली घालणे म्हणजे निनावी लोकांच्या भरवशावर राहणे, बिघडल्यावर वाली कोण, असे एका वाचकाने गेल्या अंकात विचारले आहे. अहो, तो भरवसा आपण कधीचाच ठेवलाय! अँड्रॉइड फोन लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालतो, कितीतरी राउटर आणि टीव्हीसुद्धा.

आता वाल्याचे बोलू. रात्रपाळीची लाइट असली की आम्ही विहिरीवरच्या मोबाइल स्टार्टरला घरूनच कॉल करून मोटार चालू करतो. अंधारात विंचूकाटा तुडवत जावे लागत नाही. माझा स्टार्टर सिम बदलल्यावर नवा नंबर घेईना. कंपनीने ते मॉडेलच बंद केलेले. रिले, काँटॅक्टर ठणठणीत, पण आतला प्रोग्राम कुलूपबंद. मेकॅनिकने हात टेकले.

याउलट, लिंक्सिसच्या एका राउटरमध्ये लिनक्स असल्याचे उघड झाल्यावर २००३ साली कंपनीला लिनक्सच्या जीपीएल परवान्यानुसार सोर्स कोड द्यावा लागला. त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त कार्यप्रणाली उभी राहिली, आणि कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले अनेक राउटर त्यावर चालू राहिले.

त्या वाचकाने न मांडलेली एक अडचण मात्र खरी आहे. स्टार्टरच्या चिमुकल्या चिपवर लिनक्स मावत नाही. अशा चिपवर चालणाऱ्या फ्रीआरटीओएस या छोट्या मुक्त कार्यप्रणालीचा परवाना एमआयटी. त्यात कंपनीवर स्वतःचा कोड देण्याचे बंधन नाही. तेव्हा अनुदानावर अशी उपकरणे देताना सरकारनेच अट घालावी: मॉडेल बंद केले, की प्रोग्राम खुला करायचा.

— एक शेतकरी वाचक, तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड