चार महिन्यांचा गुडघा

“जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत! गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच महिने झालेत आणि आपला वाघ पुन्हा मैदानात उतरलाय!”

गेल्या रविवारी एका गावच्या कबड्डी सामन्यांत माइकवरून ही घोषणा झाली आणि टाळ्या खरंच जोरदार झाल्या. पोरगा वीस-एकवीसचा असेल. उजव्या गुडघ्यावर काळी नी-कॅप आणि तिच्या वरची मांडी डाव्या मांडीपेक्षा बारीक, लांबून पाहणाऱ्यालाही कळावी इतकी. चढाईला जायचा तो सगळा भार डाव्या पायावर टाकून. वळायची वेळ आली की क्षणभर अडखळायचा, मग वळायचा. तिसऱ्या चढाईत कोपऱ्यातल्या खेळाडूने त्याचा घोटा धरला, बाजूने साखळी आली आणि चौघं अंगावर कोसळले. पोरगा उठला, पाय झटकला, कपाळाला माती लावून परत उभा राहिला. पुन्हा टाळ्या. या सदराच्या लेखकाचे हात काही उठले नाहीत. मॅटवरच्या आणि मातीवरच्या कबड्डीबद्दल इथे जेव्हा जेव्हा लिहून आलं, तेव्हा वाचकांनी भरभरून पत्रं पाठवली आहेत. त्यांनीच आता सांगावं, त्या टाळ्या नेमक्या कशासाठी होत्या?

थोडी माहिती आधी देऊन टाकायला हवी. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारं एक लिगामेंट असतं, खेळाडू त्याला नुसतं एसीएल म्हणतात. पाय जमिनीत रोवलेला आणि अंग दुसरीकडे वळलेलं, अशा वेळी ते तुटतं. त्यासाठी कुणाचा धक्का लागावाच असं नाही. पूर्ण तुटलं तर ज्याला वेगाने वळायचं आहे अशा खेळाडूवर बहुधा शस्त्रक्रिया करतात. त्याच्याच मांडीमागची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा घेऊन ती तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवतात. हा नवा तुकडा बसवल्या दिवसापासून मजबूत होत जातो, असा सगळ्यांचा समज असतो. तसं होत नाही. सुरुवातीचे काही महिने तो उलट कमकुवत होतो, मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि तो हळूहळू लिगामेंटसारखा होत जातो. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबलेलं असतं. नॉर्वेतल्या ऑस्लोच्या आणि अमेरिकेतल्या डेलावेअरच्या संशोधकांनी मिळून शेकडाभर खेळाडूंचा माग काढला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळाडू जितका थांबेल, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका घटतो आणि तो दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटतो.

निम्म्याने! चार महिन्यांवर टाळ्या मागणाऱ्या प्रत्येक माइकवाल्याला हे कुणीतरी एकदा वाचून दाखवायला हवं.

पण माइकवाल्याला तरी काय बोलायचं? वर्तमानपत्रं तेच करतात. गुडघ्याच्या दुखापतीच्या दोनच बातम्या येतात. पहिली ऑपरेशनची, दुसरी पुनरागमनाची. मधला सगळा काळ खेळाच्या पानावर कोराच असतो. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं, डॉक्टरांनी गुडघा शिवला, खेळाडूने दात-ओठ खाल्ले आणि एक दिवस तो मैदानात आला. सगळं श्रेय मनाला, आणि स्नायूंच्या वाट्याला काहीच नाही.

ऋषभ पंतचंच घ्या. ३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे रुरकीजवळ त्याची गाडी दुभाजकावर आदळून पेटली. उजवा गुडघा सांध्यातून निखळला होता, लिगामेंटं फाटली होती, पाठीची कातडी सोलवटली होती. आधी डेहराडूनला उपचार झाले, मग त्याला विमानाने मुंबईत आणून डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी ६ जानेवारीला शस्त्रक्रिया केली. डॉक्टरांनीच पुढे सांगितलेली आठवण अशी की, पुन्हा खेळता येईल का, असं ऋषभ विचारत होता; आई विचारत होती, पोरगा चालेल ना? फेब्रुवारीत त्याचा कुबड्यांवरचा फोटो आला. मार्चमध्ये तो काठी घेऊन पोहण्याच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात चालताना दिसला. आणि मग थेट १२ मार्च २०२४: भारतीय क्रिकेट मंडळाने तो यष्टिरक्षणासाठीही तंदुरुस्त असल्याचं जाहीर केलं. २३ मार्चला आयपीएलमध्ये मुल्लनपूरला पंजाबविरुद्ध तो दिल्लीकडून उतरला. जूनमध्ये ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. सप्टेंबरमध्ये चेन्नईत बांगलादेशविरुद्ध कसोटी शतक.

पाण्यातल्या त्या फेऱ्यांपासून तंदुरुस्तीच्या दाखल्यापर्यंत एक वर्ष गेलं. त्यातला मोठा काळ बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत गेला. तिथे फिजिओ होते, ताकदीचे प्रशिक्षक होते, मोजमापं होती. ती सगळी माणसं रोज त्याच एका गुडघ्याकडे बघत होती. कसोटीच्या एका दिवसात नव्वद षटकं म्हणजे ५४० चेंडू. यष्टिरक्षकाला तितक्या वेळा उकिडवं बसून उठावं लागतं. त्याच गुडघ्यावर. ही तयारी कशी होते, याबद्दल एखादी लेखमाला व्हायला हवी होती. ती न होता फोटो तेवढे छापून आले.

कारण हे काम दिसायला फार कंटाळवाणं असतं. पहिल्या आठवड्यांत खेळाडू काय करतो? पलंगावर पाय लांब करून बसतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतो. मांडी आवळून ती गुंडाळी खाली दाबतो, मनात दहापर्यंत मोजतो, सोडतो. पुन्हा दाबतो. गुडघ्यात सूज असेपर्यंत मेंदूकडून मांडीच्या पुढच्या स्नायूला येणारा हुकूमच अडतो, त्यामुळे ज्या मांडीने कालपर्यंत शंभर किलो उचलले तिला आज टॉवेल दाबता येत नाही. बघता बघता ती मांडी वाळते. ती परत भरायला ऑपरेशनपेक्षा कितीतरी जास्त कष्ट लागतात. गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा, मग वाकायला हवा, मग एका पायावर उभं राहता यायला हवं, मग एका पायावर उडी. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या उडीच्या निदान नव्वद टक्के भरली पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्याआधी धावणं-वळणं आहे, पण सामना नाही. गावच्या मैदानावरच्या त्या पोराची मांडी बघता ही उडी कुणी मोजली असेल, असं वाटत नाही.

आता वाचकांपैकी कुणीतरी सांगलीहून पत्र टाकणार आणि विचारणार, मग आमची स्मृती? प्रश्न रास्त आहे. स्मृती मानधनाचं एसीएल जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅश लीगमध्ये दुखावलं आणि त्याच जूनमध्ये विश्वचषकात डर्बीला इंग्लंडविरुद्ध तिने ७२ चेंडूंत ९० धावा केल्या. पाच दिवसांनी टाँटनला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. साडेपाच महिन्यांत! पण तीही मधल्या काळात अकादमीच्या देखरेखीखाली होती. विश्वचषकाआधीची पात्रता स्पर्धा तिने सोडली, दक्षिण आफ्रिकेतली चौरंगी मालिकाही सोडली. खेळायचं नाही, असं सांगणारं कुणीतरी तिच्यासोबत होतं आणि तिने ते ऐकलं. शिवाय सलामीच्या फलंदाजाच्या घोट्याला धरून चौघं जण खाली पाडत नाहीत.

कुस्तीगीर विनेश फोगाटची गोष्ट तर याहून मोठी आहे आणि ती जवळपास विसरलीच गेली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व लढतीत चीनच्या सुन यानानविरुद्ध तिचा उजवा गुडघा गेला, तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने पहिल्याच लढतीत त्याच सुन यानानला हरवलं आणि सुवर्णपदक घेतलं. ऑगस्ट २०२३ मध्ये सरावात डावा गुडघा गेला, त्याचं ऑपरेशनही मुंबईत झालं, आणि वर्ष भरायच्या आत पॅरिसमध्ये तिने युई सुसाकीला हरवलं. सुसाकीला तोपर्यंत जपानबाहेरच्या कुणीही हरवलं नव्हतं. दोन्ही गुडघे एकदा तुटून पुन्हा बांधलेली बाई हे करून गेली. पण दुसऱ्या दिवशी वजन शंभर ग्रॅम जास्त भरल्याने ती बाद ठरली आणि गुडघ्याबद्दल बोलायला कुणी उरलं नाही.

ही तिन्ही नावं मोठी आहेत. त्यांच्यामागे मंडळ होतं, प्रायोजक होते, मुंबईचे डॉक्टर होते. तालुक्याच्या कबड्डीपटूचं काय होतं ते गावोगाव सारखंच आहे. गुडघा मुरगळला की आधी हाडवैद्याकडे चोळून घेतो. दोन-तीन महिने तसाच खेळतो. गुडघा मध्येच ‘निसटतो’, पण बर्फ लावून भागवतो. मग एमआरआय होतो, ऑपरेशन सांगतात. मंडळ वर्गणी काढतं, मामा पैसे देतो, ऑपरेशन होतं. इथपर्यंत गाव त्याच्या पाठीशी असतं, आणि ही साधी गोष्ट नाही. वर्गणी संपते ती मात्र रुग्णालयाच्या बिलाशी. त्यानंतर आठवड्यातून तीनदा फिजिओकडे जायचं तर त्याची फी, एसटीचं भाडं, कामाचा खाडा, या सगळ्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. पाच-सहा वेळा जाऊन तो बंद करतो. मोबाइलवर व्यायामाचे व्हिडिओ बघतो. दुखत नाही, म्हणजे बरं झालं, असं धरून चालतो. तोवर सामन्यांचा मोसम येतो आणि मंडळाची माणसं दारात येतात, “नुसता उभा राहा रे, बोनस घेऊन ये.”

त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. मंडळाची माणसं त्याच्यावर जीव टाकतात, त्यांनीच तर वर्गणी काढली. पण ऑपरेशननंतरच्या महिन्यांचा खर्च कुणाच्याच डोक्यात नसतो. जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज सांगते की, एसीएलच्या ऑपरेशननंतर पुन्हा स्पर्धात्मक खेळात परतणारे जेमतेम ५५ टक्के असतात. तीही मुख्यतः सुविधा असलेल्या देशांतली गोळाबेरीज आहे. आपल्याकडच्या तालुक्यांत कुणी मोजत नाही, म्हणून इथे आकडा देता येत नाही.

ज्या स्पर्धांत उत्कृष्ट चढाईपटूला मोटारसायकल मिळते, त्यांच्या आयोजकांना एवढं सहज जमण्यासारखं आहे: मैदानावर एक फिजिओ बसवायचा आणि वर्षभरात ज्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याला फिजिओच्या सहीशिवाय मॅटवर उतरू द्यायचं नाही. वर्गणी काढणाऱ्या मंडळांनी ऑपरेशनच्या रकमेतच पुढच्या नऊ महिन्यांचे पैसे धरायचे. आणि माइकवाल्याने “नऊ महिने थांबून आलाय” यावर टाळ्या मागायच्या. लोक देतील. लोक कशालाही मनापासून टाळ्या देतात, त्यांना फक्त सांगावं लागतं.

हे सगळं लिहिताना दुखऱ्या गुडघ्यावर खेळत राहिलेला डेनिस कॉम्प्टन आठवणं अपरिहार्य होतं. मुंबईच्या जुन्या क्रिकेटवेड्यांना तो ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात हा इंग्लंडचा फलंदाज लष्करी नोकरीत महूला होता, त्यामुळे होळकर संघाकडून रणजी खेळला. १९४५ च्या मार्चमध्ये ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने चौथ्या डावात नाबाद २४९ धावा केल्या. विजय मर्चंटचे २७८ समोर होते, होळकर हरलं. पण ती खेळी पाहिलेली माणसं तिच्याबद्दल पुढे आयुष्यभर बोलत राहिली. एका धनिकाने शंभरीनंतरच्या प्रत्येक धावेला रोख बक्षीस कबूल केलं होतं आणि डाव संपल्यावर तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जात असल्याची चिठ्ठी ठेवून तो निघून गेला, हा किस्सा कॉम्प्टन सांगत असे.

तेव्हाच त्याचा उजवा गुडघा दुखावलेला होता. तो आर्सेनलकडून फुटबॉलही खेळायचा. १९३८ मध्ये एका गोलरक्षकाशी टक्कर झाली, तिथून ते दुखणं सुरू झालं. एमआरआय नव्हता, दुर्बिणीची शस्त्रक्रिया नव्हती, नवं लिगामेंट बसवणं तर दूरच. तो खेळत राहिला, गुडघा झिजत राहिला, ऑपरेशनं होत राहिली. नोव्हेंबर १९५५ मध्ये डॉक्टरांनी गुडघ्याची वाटीच काढून टाकली. वाटी नसलेल्या पायावर तो १९५६ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला, तेव्हा इंग्लंडच्या तीन विकेट ६६ धावांत पडल्या होत्या. पीटर मेच्या जोडीने त्याने १५६ धावांची भागीदारी केली आणि स्वतः ९४ वर बाद झाला. त्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरही गेला. पुढच्या मोसमात, १९५७ मध्ये, त्याने व्यावसायिक क्रिकेट सोडलं. तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. आज त्याच गुडघ्यावर पारडीवालांसारख्या डॉक्टरांनी काय केलं असतं, आणि मग तो अजून किती वर्षं खेळला असता, याचा अंदाज एखाद्या ऑर्थोपेडिक वाचकाने कळवला तर तो याच जागी छापता येईल.