चौदा वर्षं उडा, मग घरी जा

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मुलींचं शिबिर घेत होते. ‘पुढे काय व्हायचंय?’ या नेहमीच्या प्रश्नाला नर्स, शिक्षिका, पोलीस अशी नेहमीची उत्तरं आली. एनसीसीच्या गणवेशातली एक मुलगी म्हणाली, “वैमानिक. हवाई दलात.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

शिबिर संपल्यावर ती आईला घेऊन आली. आई अंगणवाडी सेविका. मुलीच्या हातात एका खासगी क्लासचं चकचकीत पत्रक होतं. त्यावर विमानापुढे उभ्या हसऱ्या मुलींचे फोटो होते, फी होती, पण नोकरी किती वर्षांची, याचा एक शब्द नव्हता. मला माहीत होतं ते मी सांगितलं: पदवीनंतरच्या परीक्षेतून मुलगी वैमानिक झाली, तर नेमणूक अल्पमुदतीची, चौदा वर्षांची. मुदतवाढ नाही, निवृत्तिवेतन नाही.

आई म्हणाली, “चौदा वर्षं? मग तो वनवासच की हो ताई. रामाला निदान परत आल्यावर राज्य तरी मिळालं.”

मैत्रिणींनो, सीतेला काय मिळालं ते तुम्हाला माहीत आहे.

हिशेब नीट मांडू या. पदवीच्या वाटेने मुलगी विशीत निवडली जाते. पंचविशीच्या आत असेल तर अविवाहित हवी, प्रशिक्षणात लग्न करता येत नाही. हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकादमीत आणि इतरत्र मिळून वर्षाहून अधिक काळाचं प्रशिक्षण. अधिकारी होते तेव्हा बावीस-पंचवीसची, बाहेर पडते तेव्हा छत्तीस ते एकोणचाळीसची. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन मिळायला २० वर्षं सेवा लागते. म्हणजे नेमकी सहा वर्षं कमी. हा योगायोग नाही. ‘अल्पमुदत’ या शब्दाचा अर्थच हा आहे: उमेदीची वर्षं आमची, पुढची जबाबदारी तुझी.

कोणी म्हणेल, मुलगेही अल्पमुदतीवर जातात. जातात. पण मुलग्यांना एनडीए आणि सीडीएस ही कायम नेमणुकीची दारंही उघडी होती. मुलगा निवडू शकत होता. १९९४ मध्ये हवाई दलाला पहिल्या महिला वैमानिक मिळाल्या, तेव्हापासून पुढची पंचवीसहून अधिक वर्षं उडू पाहणाऱ्या मुलीला मात्र चौदा वर्षांच्या आतलंच दार होतं. ज्याच्यापुढे दोन वाटा आहेत त्याने एक घेणं म्हणजे निर्णय. जिच्यापुढे एकच आहे तिचा तो निर्णय कसला? गुंजन सक्सेना १९९९ च्या कारगिल युद्धात चीता हेलिकॉप्टर घेऊन गेली. २००४ मध्ये तिची मुदत संपली आणि ती बाहेर पडली. सिनेमा निघाला, टाळ्या पडल्या. मुदतीबद्दल कोणी बोललं नाही.

ही रीत जुनी आहे. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा नियम आठवा. पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली, पहिल्या गरोदरपणात गेली, नाहीतर पस्तिसाव्या वर्षी गेली. त्याच विमानातला पुरुष पर्सर ५८ पर्यंत नोकरी करत होता. नर्गेश मिर्झा आणि तिच्या सहकारिणी कोर्टात गेल्या. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, पण चार वर्षं लग्न न करण्याची अट योग्य ठरवली. आता २०१६ कडे या. पहिल्या तीन लढाऊ महिला वैमानिक अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग यांना त्या जूनमध्ये नेमणूक मिळाली. त्याआधीच हवाई दलाकडून त्यांना सल्ला गेला होता: चार वर्षं आई होऊ नका. पुन्हा चार वर्षं! कारण काय, तर प्रशिक्षणात खंड पडतो. लढाऊ विमानाचं प्रशिक्षण महाग आणि सलग लागतं, गरोदर बाईने ते विमान उडवू नये, हे मलाही पटतं. पण यातून निघणारी सरळ गोष्ट अशी की तिची सेवा लांब करा. चाळीस वर्षांपर्यंत नव्हे, पुढेही उडण्याची हमी असेल तर मधली दीड-दोन वर्षं कोणाला जड जाणार? चौदाच वर्षं दिली की प्रत्येक बाळंतपण तोट्याचं वाटू लागतं. मुदत आखायची सरकारने आणि दोष गर्भाशयाचा!

जे मिळालं ते भांडून मिळालं. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अल्पमुदतीच्या महिला अधिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात सैन्याच्या वतीने असंही सांगितलं गेलं की खेड्यातून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत. कोर्टाने ते मान्य केलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये हवाई दलातून २००६ ते २००९ या काळात बाहेर पडलेल्या ३२ अधिकारी स्त्रियांचा निकाल लागला: परत नोकरी नाही, पण पात्र ठरल्यास वीस वर्षं झाली असं धरून निवृत्तिवेतन. न्याय मिळाला, पण तोवर त्यांची उमेद कोर्टाच्या पायऱ्यांवर खर्ची पडली होती.

खडकवासल्याच्या एनडीएचं दारही कोर्टानेच २०२१ मध्ये उघडायला लावलं. मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. पण दार किती उघडलं? २०२३ च्या एनडीएच्या जाहिरातीत हवाई दलाच्या उड्डाण शाखेच्या ९२ जागा होत्या. मुलींसाठी दोन! उरलेल्या ९० पैकी ७० भरल्या, २० रिकाम्या राहिल्या. परीक्षा पास झालेल्या, वैमानिक होण्यास योग्य ठरलेल्या मुली बाहेर उभ्या आणि आत खुर्च्या मोकळ्या. त्यातली एक कोर्टात गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की त्या ९० जागा फक्त पुरुषांसाठी आहेत असं जाहिरातीत कुठेही म्हटलेलं नाही, तिला घ्या. रिकामी खुर्ची चालेल, पण बाई नको, ही मनोवृत्ती आपल्याला ग्रामपंचायतीपासून ओळखीची आहे.

आता घरातलं भांडण. हा विषय मी बैठकीत काढला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, “लष्कर हा पुरुषसत्तेचा कळस आहे. त्यात बायका भरून मुक्ती येत नाही. हा आपला प्रश्न नाही.” मी त्यांच्याकडूनच चळवळ शिकले, म्हणून उत्तर देणं मला भाग आहे. युद्ध नको, हे मीही म्हणते. मणिपूरच्या बायांनी २००४ मध्ये कांगलाच्या दारात जे केलं ते मी विसरलेले नाही. पण नोकरीच्या शर्तींचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याला न आवडणाऱ्या कारखान्यातल्या कामगार बाईच्या बाळंतपणाच्या रजेसाठी आपण भांडत नाही का? सरकार हा या देशातला सर्वांत मोठा मालक आहे. त्याने आपल्या सर्वांत सन्मानाच्या, टाळ्यांच्या नोकरीत बाईला मुदतीवर ठेवणं योग्य ठरवलं, तर खालच्या नोकरीत तो काय करेल?

उत्तर त्या दिवशी माझ्यासमोरच बसलं होतं. त्या मुलीच्या आईला सरकार पगार देत नाही, ‘मानधन’ देतं. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ उजाडावं लागलं. एकीला सेवाभाव म्हणून, दुसरीला देशप्रेम म्हणून; शब्द थोर आणि म्हातारपण बेवारशी. मायलेकींचा मालक एकच आहे. मग लढा दोन कसे?

म्हणून आपण मागणी करू या: उड्डाण शाखेत मुलींच्या जागांची मर्यादा काढा, निवड गुणांवर करा. अल्पमुदतीच्या प्रत्येक वैमानिकेला कायम नेमणुकीसाठी विचारात घेण्याचा हक्क द्या. चौदा वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना, बाई असो वा पुरुष, सेवेच्या प्रमाणात निवृत्तिवेतन द्या. आईपणाच्या रजेने ज्येष्ठता आणि बढती अडवू नका.

आणि आपल्यासाठी एक काम. शिबिरात मुलींना नुसतं ‘भरारी घ्या’ म्हणू नका. करार वाचायला शिकवा. किती वर्षं, नंतर काय, दुसरं दार कोणतं, हे विचारायला शिकवा.

त्या मुलीने अर्ज भरायचं ठरवलंय. “चौदा तर चौदा ताई,” ती म्हणाली, “पण पंधराव्या वर्षासाठी मी भांडणार.” आई काही बोलली नाही. पुढच्या महिन्यातल्या अंगणवाडी सेविकांच्या मोर्चाची तारीख तिने मला सांगितली आणि विचारलं, “तुम्ही येणार ना?”