तपासणीचा खर्च कोणत्या खात्यात?



उन्हाळ्यात आपल्या बोरगाव मेघेत दिवस मावळल्यावरही पश्चिमेच्या भिंतीजवळ हात नेला की धग लागते. डोळ्यांना न दिसणारी ती धग म्हणजे अवरक्त किरण. दूरच्या ताऱ्यांचे असेच किरण टिपायला जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण बांधली. पण दुर्बीणच गरम असेल तर तिला स्वतःचीच धग दिसणार! म्हणून तिला टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी छत्री दिली. तिच्या ‘मिरी’ या उपकरणाला तर उणे 266 अंशांचा गारवा लागतो. नासाच्या जेपीएल संस्थेत या उपकरणाच्या कामाची धुरा मुंबईत वाढलेल्या, तिथल्याच आयआयटीत शिकलेल्या कल्याणी सुखात्मे यांनी सांभाळली.

2017 साली ह्यूस्टनला दुर्बिणीचा 18 तुकड्यांचा, 6.5 मीटरचा आरसा आणि उपकरणं अतिथंड, निर्वात कोठीत सुमारे 100 दिवस तपासली. मधेच हार्वे चक्रीवादळ आलं, तरी काम थांबलं नाही. 2018 मध्ये मोठ्या आवाजाच्या चाचणीनंतर छत्रीच्या आवरणाचे काही स्क्रू आणि वॉशर निखळलेले सापडले. उड्डाण लांबत गेलं, एकूण खर्च 10 अब्ज डॉलरच्या घरात गेला. लोक म्हणाले, पैशाची उधळपट्टी!

मी कॉमर्सवाली, म्हणून विचारते: हा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा? इंजिनाच्या झडपा चुकीच्या द्रावणाने धुतल्या, तो सरळ तोटा. त्यावर टीका व्हायलाच हवी. पण निखळलेला स्क्रू जमिनीवर सापडला, तो तोटा कसा? हबलच्या आरशातला दोष जमिनीवर सुटला आणि 1990 मध्ये अवकाशात गेल्यावर कळला. ती दुर्बीण जवळ होती, म्हणून 1993 मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली. वेब 15 लाख किलोमीटरवर. तिथे मिस्त्री कोण पाठवणार?

25 डिसेंबर 2021 ला वेब झेपावली आणि घडी घातलेली छत्री, आरसा, सगळं नीट उलगडलं.

आपल्याकडे मात्र पूल असो की घरचं वायरिंग, उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि तपासणी उरकली जाते. खोट दाखवणारा माणूस तर अपशकुनीच ठरतो. माझं मत विचाराल तर त्याला आधी चहा द्या, आणि तारीख पुढे ढकला.