एकोणीस नोकर, शून्य संरक्षण

पिंपळगाव राजाच्या बाजारपेठेत किराणा, कापड, बी-बियाण्यांच्या दुकानांतून नोकर किती? कोठे एक, कोठे दोन, फार तर चार. वीस नोकरांचे दुकान खामगाव तालुक्यातील अशा गावी दिवा घेऊन शोधावे लागेल. नेमका तोच आकडा राज्य सरकारने २०२५ साली दुकाने व आस्थापना कायद्याच्या उंबरठ्यावर ठेवला आहे!

१९४८ चा कायदा जेथे लागू होता, तेथे एका नोकराचे दुकानही त्याच्या कक्षेत येई. २०१७ च्या कायद्याने किमान दहा नोकरांची अट घातली. आता ती वीसवर नेली. रोजचे काम ९ तासांवरून १० तासांवर नेल्याबद्दल ओरड झाली, ती रास्तच. परंतु ही दहा तासांची मर्यादा तरी कोणासाठी? एकोणीस नोकर राबविणाऱ्या मालकाने सरकारला नुसती माहिती कळवावी. कामाचे तास, साप्ताहिक सुटी, जादा कामाचा दुप्पट मोबदला ही या कायद्याची बंधने त्याला नाहीत.

लहान दुकानदार स्वतःच अडचणीत आहे, असे सांगितले जाते. ते खरे आहे. मग त्याची कागदपत्रे कमी करा. नोकराची विश्रांती का कमी करता? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. तीच सुटी दुकानातील नोकराला मालकाच्या मर्जीने मिळावी, यास सुधारणा म्हणावयाचे काय?

कार्यकर्त्यांनी मागणी एकच लावून धरावी : कायदा पहिल्या नोकरापासून सुरू झाला पाहिजे.