आधी केबल, मग नारळ

 पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. वाचून राग आला तर इथंच खाली लिहा, पारावर माघारी बोलू नका.

नदीकाठच्या एका गावातल्या पोरांनी वर्गणी करून जुनी मोटारबोट आणली, हे आता पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत झालंय. फायबरची बोट, मागं इंजिन, पुढं गाडीसारखं गोल स्टिअरिंग. पोरांनी चांगलं काम केलं, त्यात वादच नाही. सरकारची वाट बघत बसले असते तर अजून दहा पावसाळे गेले असते. वर्गणीच्या वहीत माझंही नाव आहे, म्हणून दोन शब्द बोलायचा हक्क समजतो.

बोटीचं स्टिअरिंग जाम आहे. डावीकडं कसंबसं फिरतं, उजवीकडं फिरवायला दोघांना लोंबकळावं लागतं. गावातल्या मिस्त्रीनं बघितलं आणि एका वाक्यात सांगितलं, "केबल गेली, बदला." त्यावर कमिटीत काय ठरलं? तर म्हणे, साहेबांची तारीख मिळालीय, मंडप सांगितलाय, बँड सांगितलाय. आधी लोकार्पण उरकू, नारळ फोडू, साहेबांना एक चक्कर मारून आणू, केबलचं मागून बघता येईल.

माझा विरोध या "मागून बघू"ला आहे. जाहीर आहे आणि कुणाचीही भीड न ठेवता आहे.

बोट कशासाठी आणली ते आधी आठवा. ईसापूर धरणाचे दरवाजे उघडले की हदगाव, हिमायतनगरपासून खाली किनवटपर्यंत नदीकाठाला झोप नसते. पलीकडं विदर्भ, अलीकडं मराठवाडा, मधी पैनगंगा. पाणी चढलं की शेतात गेलेला माणूस शेतातच अडकतो, बाळंतीण घरातच अडकते. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात मुखेड तालुक्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. हसनाळ, रावणगाव पाण्यात गेली, माणसं गेली, लष्कराला बोलवावं लागलं. बाहेरची मदत येते, नाही असं नाही. पण ती नांदेडहून, संभाजीनगरहून येते. भोकर, हिमायतनगर करत, तुटलेले रस्ते आणि बुडालेले पूल ओलांडत ती इस्लापूरला पोचेपर्यंत पाणी कुणासाठी थांबत नाही. म्हणून गावाची स्वतःची बोट पाहिजे, हे शंभर टक्के मान्य.

पण मग ती बोट कधी लागणार? पुरात. गढूळ पाणी, वाहून येणारी झाडं, काठावर रडणारी माणसं, अशा वेळी. उन्हाळ्यात शांत डोहात जे स्टिअरिंग दोघांना फिरवत नाही, ते पुरात एकट्या पोराला फिरणार आहे का?

ज्यांना वाटतं की स्टिअरिंग थोडं जड असल्यानं काय बिघडतं, त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो.

ट्रॅक्टरचं स्टिअरिंग गेलं तर ब्रेक मारता येतो, नाहीतर बांधावर घालता येतो. बोटीला ब्रेक नसतो. आणि आपल्या बोटीला वेगळं सुकाणूही नाही. मागचं इंजिनच डावी-उजवीकडं वळतं, पंखा ज्या बाजूला पाणी ढकलतो त्यावर बोट वळते. पुढचं चाक आणि मागचं इंजिन यांच्यामधी काय आहे? एकच केबल. ती अडकली तर चाक हातात राहतं आणि बोट नदीच्या मर्जीनं जाते. घाबरून इंजिन बंद केलं तर पंख्याचा जोर जातो, म्हणजे वळायचं उरलंसुरलं साधनही जातं.

आणि आपली नदी जाते कुठं? सहस्रकुंडला. लोक लांबून लांबून जो धबधबा बघायला येतात, त्याच्या वरच्या अंगाला स्टिअरिंग अडकलेली बोट कुठं जाऊन थांबेल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आता कमिटीतले आणि कट्ट्यावरचे युक्तिवाद एकेक घेतो.

"ऑइल सोडा, मोकळं होईल." होईलही, चार दिवस. ही केबल म्हणजे बाहेरून प्लास्टिकचं जाड आवरण आणि आत पोलादी तार. इंजिनाकडच्या टोकाला एक चकचकीत दांडी असते, ती इंजिनाच्या आडव्या नळीतून मागंपुढं सरकते. बोट महिनोन्‌महिने उघड्यावर उभी राहिली की या नळीतलं ग्रीस वाळून दगड होतं, दांडीला गंज धरतो. आवरणाला चीर गेली की पाणी आत जातं आणि तार आतून गंजते. वरून सोडलेलं ऑइल त्या तारेपर्यंत पोचत नाही. पोचलं तरी गंजलेली तार नवी होत नाही. जोर लावून फिरवत राहिलात तर एक दिवस तार तरी तुटेल, नाहीतर चाकामागच्या डब्यातले दाते तरी जातील.

"पण दोष केबलचाच कशावरून?" हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर अर्ध्या तासात मिळतं. केबलची दांडी आणि इंजिन यांना जोडणारा दांडा सोडवायचा आणि इंजिन हातानं डावी-उजवीकडं फिरवून बघायचं. इंजिनच जड फिरत असेल तर त्याच्या खुंट्याला ग्रीस पाहिजे, केबल बिचारी निर्दोष. इंजिन मोकळं फिरतंय आणि चाक तरीही जाम, तर दोष केबलमध्ये, नळीत किंवा चाकामागच्या डब्यात. आपल्या मिस्त्रीनं हेच केलं. इंजिन एका हातानं फिरलं, चाक हललं नाही. नळीकडचं टोक सोडवून बघितलं, तरी केबल आतून खरखरत होती आणि आवरणाला मधी फुगवटा आलेला होता. जो माणूस आयुष्यभर ट्रॅक्टर उघडत आला त्याचं ऐकायचं, का मंडपवाल्याचं?

"मोटारसायकलची क्लच वायर बसवू, जुगाड करू." जुगाड आपल्या रक्तात आहे, त्याचा मला अभिमानही आहे. पण इथं चालत नाही. क्लच वायर नुसती ओढायची असते, परत यायला स्प्रिंग असतो. स्टिअरिंगची केबल एका बाजूला ओढते आणि दुसऱ्या बाजूला ढकलते. क्लचच्या वायरीनं ढकलून बघा, वाकडी होऊन बसेल. म्हणजे बोट एकाच बाजूला वळणार. तुटलेल्या तारेला वेल्डिंग मारायचीही गोष्ट निघाली म्हणे. ज्यानं काढली त्यानं पहिल्या फेरीत स्वतःची लेकरं बसवावीत.

"पैसे उरले नाहीत." वही उघडून बघा. मंडप आहे, बँड आहे, शाली-नारळ आहेत, फ्लेक्स आहे, बोटीवर नाव रंगवायचे पैसे सुद्धा आहेत. नुसता बँड आणि फ्लेक्स रद्द केला तरी केबलचं भागतंय. गावाकडं पैसा आहे, तो कुठं आधी लावायचा ते चुकतंय.

"विकणाऱ्यानं सांगितलं होतं, कंडिशन एकदम ओके." विकणारा ओकेच म्हणणार. त्याचं नाव मी घेत नाही, कारण प्रश्न त्याचा राहिलेला नाही. जुनी बोट घेतली म्हणजे तिचा जुनेपणाही घेतला. जुनी मोटारसायकल घेतली की आपण पहिल्या दिवशी ब्रेक, वायरी, ऑइल बघतो ना? मग ज्या वाहनात वीस माणसांचा जीव जाणार-येणार, त्याला तेवढाही न्याय नको का?

आता थोडं बाहेर बघू. ८ ऑगस्ट २०१९, सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ. कृष्णेचा पूर, लोकांना बाहेर काढायला बोट निघाली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली, बोट उलटली. १७ जण गेले. वाचवायला आलेली बोट होती ती. १८ डिसेंबर २०२४, मुंबई. घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिचा ताबा सुटला. १५ जीव गेले. नौदलाकडं माणसं शिकलेली, सामान भारी, तरी चाचणीत ताबा सुटू शकतो. मग आपण बिघाड माहीत असलेली बोट, चाचणी न करता, माणसं भरून, बँड लावून पाण्यात सोडणार?

सरकारलाही सोडत नाही. यांत्रिक बोटींसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. नोंदणी, तपासणी, विमा, सगळं त्यात आहे. पण हा कायदा पैनगंगेकाठच्या गावाला समजावून सांगायला कोण आलं? बोट तपासून घ्यायची तर कुणाकडं जायचं, हे तालुक्याच्या ठिकाणी पाटी लावून तरी सांगा. पुढारी वस्तू द्यायला एका पायावर तयार, कारण वस्तूचा फोटो निघतो. देखभालीचा फोटो निघत नाही. म्हणून गावोगाव पाणी शुद्धीकरणाची यंत्रं कुलपात आहेत, सौरदिवे खांबावर मेलेत, हातपंपाचे दांडे गायब आहेत. प्रत्येकाचं उद्घाटन मात्र झालेलं आहे. आपली बोट त्या यादीत जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

नुसती टीका करतो असं कुणी म्हणू नये म्हणून काय करायचं तेही लिहितो.

१) लोकार्पणाची तारीख पुढं ढकला. साहेबांना स्पष्ट सांगा, "बोट दुरुस्तीला आहे." खरा लोकप्रतिनिधी असेल तर उलट शाबासकी देईल.

२) नवी केबल जुनीच्या लांबीचीच घ्या. लांबी आवरणावर छापलेली असते, पुसली असेल तर केबल काढून मोजा. स्वस्तात मिळते म्हणून आखूड घेतली तर बाक कडक बसतो, लांब घेतली तर वेटोळं होतं. दोन्हीत स्टिअरिंग परत जड. कुठंही बाक आठ इंचांच्या त्रिज्येपेक्षा लहान नको.

३) जुनी केबल ओढून काढताना तिच्या शेपटाला दोरी बांधा, म्हणजे नवी त्याच वाटेनं ओढून घेता येईल. नळी ब्रशनं खरवडून पूर्ण साफ करा, पाण्यात न विरघळणारं ग्रीस लावा. ग्रीस भरताना दांडी पूर्ण आत ओढलेली पाहिजे, नाहीतर आत ग्रीस कोंडून स्टिअरिंग अडकतं. लॉकनट जुने परत लावू नका. चाकामागचा डबा उघडून दाते बघा, झिजले असतील तर तोही बदला.

४) बसवून झाल्यावर जमिनीवरच चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. इंजिन खाली ठेवून आणि वर उचलून, दोन्ही वेळा. केबल किंवा पेट्रोलचा पाइप कुठं ताणला जात नाही ना, बघा. चाक उजवीकडं तर बोट उजवीकडं, एवढी साधी खात्रीही करा.

५) पहिली चाचणी तलावाच्या थांबलेल्या पाण्यात. चालवणारा आणि मिस्त्री, दोघंच, लाइफ जॅकेट घालून. सहस्रकुंडच्या वरच्या अंगाला चाचणी अजिबात नको, कितीही हौस असली तरी.

६) बोटीची एक वही ठेवा. कधी चालवली, कधी ग्रीस केलं, काय बदललं. चालवायला दोन पोरं नेमा आणि त्यांना शिकवा. माणसं किती बसणार तो आकडा बोटीवर मोठ्या अक्षरात रंगवा, देणगीदारांच्या नावापेक्षा मोठ्या.

७) ग्रामपंचायतीनं दर वर्षी देखभालीला ठरावीक रक्कम ठेवावी आणि तसा ठराव ग्रामसभेत घ्यावा. सरपंच साहेब, येत्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. विषयपत्रिकेत आधीच घेतला तर बरं.

कमिटीतली सगळी पोरं माझ्या पुतण्या-भाच्यांच्या वयाची आहेत. त्यांच्या तळमळीवर मला शंका नाही. पण लेकरांनो, वर्गणी देणाऱ्या म्हातारीनं शंभराची नोट दिली ती फ्लेक्ससाठी नाही दिली. मागच्या पुरात तिचा नातू झाडावर रात्र काढून आला, म्हणून दिली. तिच्या नोटेतून आधी केबल आली पाहिजे. पावसाळा जवळ आलाय आणि केबल बाहेरून मागवावी लागणार, तिला दिवस लागतील. मिस्त्रीला आजच फोन करा, लांबी मोजायला सांगा.

साहेबांना तारीख पुढं ढकला म्हणून सांगायला कुणाला संकोच वाटत असेल तर माझं नाव सांगा. वाईटपणा मी घेतो.